रस्ता कुणाच्या बापाचा?

बैठक होती दिवाळीच्या बोनसची. येरवड्यातल्या आमच्या घरकामगार गटात दरवर्षी हा विषय निघतो आणि दरवर्षी भलतीकडेच जातो, तसा तो याही वेळी गेला. कल्याणीनगरातल्या एका सोसायटीत चार घरची कामं करणारी मावशी सांगत होती, "आमच्या सायबानं नवी गाडी आणलीय. बसकी. पोट रस्त्याला टेकतंय जणू. शर्यतीची गाडी म्हणं, पण रोज हापिसला तीच. तिला पुसायचं फडकं वेगळं, बादली वेगळी, साबण वेगळा. मला कप वेगळा ठेवलाय तसं." सगळ्याजणी हसल्या. मावशी मात्र हसली नाही. "हसताय काय? सकाळी तो गेटातनं बाहेर पडतो त्याच टायमाला मी रस्ता वलांडत असते. गाडी गुरगुरली की मी पळते. पन्नाशीची बाई मी, रोज सकाळी पळते."

त्या दिवसापासून हे 'रोज सकाळी पळते' माझ्या डोक्यातून जात नाही.

स्पोर्ट्स कार ही आता रविवारी बाहेर काढायची हौस राहिलेली नाही, ती रोजची गाडी झाली आहे, असं हल्ली कौतुकाने बोललं जातं. या कौतुकामागे बाजार आहेच. २०११ साली पोर्शे कंपनीने अमेरिकेत जाहिरातींची एक मोहीमच काढली होती. तिचा सगळा भर एकाच गोष्टीवर होता: ही गाडी खास प्रसंगासाठी राखून ठेवू नका, रोज वापरा. आपल्याकडेही आता ही गाडी ऑफिसला जाते, जिमला जाते, पोराला क्लासला सोडते. आणि कुणी भुवई उंचावलीच, तर ठरलेलं उत्तर येतं. "माझे पैसे, माझी हौस. मी रोज चालवीन. नाहीतर काय कपाटात ठेवायला घेतली?"

मैत्रिणींनो, चळवळीत काही वर्षं काढली की एक सवय लागते. कुणी 'ही माझी खाजगी बाब आहे' म्हणालं की आपले कान टवकारतात. नवरा बायकोला मारायचा, शेजारी दारं लावून घ्यायचे, आणि चौकीवरचा हवालदार सांगायचा, "घरचा मामला आहे, घरीच मिटवा." त्या घरच्या मामल्यासाठी भारतीय दंड संहितेत ४९८-अ कलम यायला १९८३ साल उजाडावं लागलं, आणि कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा तर २००५ चा. 'खाजगी' या शब्दाची भिंत आपण एकेक वीट काढून पाडली आहे. मग रस्त्यावर उभी केलेली तीच भिंत आपल्याला का दिसू नये? गाडी तुझी, कबूल. रस्ता कुणाचा?

हा लेख लिहिते आहे हे कळल्यावर चळवळीतल्याच एका मैत्रिणीने नाक मुरडलं. "दहा-वीस बिल्डरांच्या पोरांची चैन ती. आपल्याला पाण्याचे, रेशनचे, अत्याचाराचे प्रश्न कमी आहेत का?" कमी नाहीत. पण पाणी भरायला, रेशन आणायला आणि तक्रार नोंदवायला जायचं ते याच रस्त्यावरून.

आधी ही वस्तू काय आहे ते नीट पाहू. (गाड्यांमधलं मला फार कळत नाही. पण शिलाई मशीन जसं हाताळून कळतं तसं हे विचारून, वाचून कळतं. यंत्राचा विषय निघाला की बायकांनी मागे सरायचं, हेही एकदा सोडून द्यायला हवं.) पुण्याच्या २०२४ च्या अपघातामुळे जिचं नाव घराघरांत पोचलं ती पोर्शे टायकान ही विजेवर चालणारी स्पोर्ट्स कार. वजन दोन टनांच्या वर. साध्यातलं साधं मॉडेलसुद्धा जागच्या जागेवरून साडेपाच सेकंदांच्या आत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठतं. महागड्या मॉडेलांना तीन सेकंद पुरतात. कमाल वेग ताशी २३० ते २६० च्या घरात. आता आपल्याकडचा कायदा बघा. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे शहरातल्या रस्त्यावर मोटारीला जास्तीत जास्त ताशी ७० किलोमीटर आणि द्रुतगती मार्गावर १२०, हीच मर्यादा. म्हणजे या देशातल्या सगळ्यात मोकळ्या रस्त्यावरसुद्धा या गाडीचा जेमतेम निम्मा वेग कायद्याने वापरता येतो, आणि शहरात तर एक तृतीयांशही नाही. मग उरलेले दोन हिस्से कशासाठी विकत घेतले?

याचं उत्तर सिग्नलला उभं राहिलं की मिळतं. रोजच्या वापरात या गाडीचं सुख कमाल वेगाचं नसतंच, ते पहिल्या चार-पाच सेकंदांचं असतं. सिग्नल सुटला, पाय दाबला, पाठ सीटला चिकटली, बाकीचे सगळे मागे पडले. आणि नेमक्या त्याच चार-पाच सेकंदांत, आपला सिग्नल संपता संपता निघालेली, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हाताला पोर धरलेली बाई झेब्रा पट्ट्यांच्या मधोमध असते. दुसऱ्या कुणी भ्यायल्याशिवाय, थबकल्याशिवाय, पळाल्याशिवाय पहिल्या चार सेकंदांचं ते सुख पुरतं मिळतच नाही. रिकाम्या रस्त्यावर 'बाकीचे मागे पडले' असं कुणाला म्हणणार? एवढीच वेगाची आवड असेल तर शर्यतीचे ट्रॅक आहेत. मद्रासजवळ आहे, कोइमतूरजवळ आहे, दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात २०११ सालापासून आहे. तिथे पैसे भरा, हेल्मेट घाला आणि हवं तेवढं पळवा. पण तिथे पळून बाजूला होणारी मावशी नसते.

"पण या गाड्या अतिशय सुरक्षित असतात हो, ब्रेक बघा, एअरबॅगा बघा!" सुरक्षित, पण कुणासाठी? जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोटारीची समोरून धडक बसलेला पादचारी दगावण्याचा धोका, वेग ताशी ५० किलोमीटरवरून ६५ वर गेला की साडेचार पट होतो. पन्नासवरून पासष्टवर जायला या गाडीला सेकंदभरही लागत नाही. एअरबॅगा आतल्यांसाठी आहेत. बाहेरच्यांसाठी आहे तो फक्त हॉर्न.

१९ मे २०२४ च्या पहाटे अडीचच्या सुमाराला कल्याणीनगरात काय झालं ते तुम्हांला माहीत आहे, तरीही पुन्हा लिहिते, कारण आपण फार लवकर विसरतो. मोटारसायकलवरून घरी निघालेले दोघं मित्र-मैत्रीण, दोघंही २४ वर्षांचे, मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीला आलेले आयटी इंजिनीअर. मागून पोर्शे आली आणि दोघंही गेले. गाडीतले सगळे वाचले. चालवणारा मुलगा १७ वर्षांचा होता. बारावीच्या निकालाचा आनंद साजरा करून, पबमध्ये दारू पिऊन परतत होता, असं पोलिसांनी सांगितलं. गाडीला नंबरप्लेट नव्हती. विजेवरची गाडी म्हणून तिला रस्ता कर माफ होता. नोंदणीचे १,७५८ रुपये तेवढे भरायचे राहिले होते, असं परिवहन खात्याचं म्हणणं. दीड-दोन कोटींच्या वस्तूचे १,७५८ रुपये! आमच्या मावशीने बसमध्ये दहा रुपयांचं तिकीट काढलं नाही तर तिला कंडक्टर भर रस्त्यात खाली उतरवतो.

त्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या जिन्यात मी ऐकलेला पहिला प्रश्न होता, "पण मुलगी रात्री अडीच वाजता बाहेर काय करत होती?" विचारणारी बाईच होती. सतरा वर्षांचा मुलगा रात्री अडीच वाजता दोन टनांचं यंत्र घेऊन बाहेर काय करत होता, हे तिला विचारावंसं वाटलं नाही. रात्र मुलांची असते आणि मुलींना ती उसनी मिळते, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की, मेलेल्या मुलीकडेही आपण त्या उसन्या रात्रीचा हिशोब मागतो.

पुढचं सगळं वर्तमानपत्रांत आलं. बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला आणि अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध घातला. देशभर संताप झाला, आदेश बदलला, मुलाला निरीक्षणगृहात ठेवलं, जूनमध्ये उच्च न्यायालयाने तो ताबा बेकायदा ठरवून त्याला सोडलं. जुलै २०२५ मध्ये, त्याला प्रौढ समजून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळाने फेटाळली. या निर्णयावर आपल्या गटांतही मतभेद झाले, म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर, सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांना काही गुन्ह्यांत प्रौढ मानण्याची तरतूद २०१५ च्या कायद्यात आली, तेव्हा अनेक स्त्री-संघटनांनी तिला विरोध केला होता. तो विरोध गरीब वस्तीतल्या मुलासाठी खरा असेल तर बंगल्यातल्या मुलासाठीही खरा असायला हवा. आरोपी कोण आहे ते बघून तत्त्व फिरवायचं नसतं. मला त्या मुलाला फासावर चढलेलं बघायचं नाही. मला त्याच्या हातात किल्ली देणारे हात बघायचे आहेत.

त्या हातांना कायदा काय म्हणतो? २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आलं. अल्पवयीनाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, आणि दंड २५ हजार. कलम चांगलं आहे. पण ही गाडी ज्याला परवडते त्याला पंचवीस हजारांचा दंड किती लागणार, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येते. ती आहे रक्ताची. पोलिसांचा आरोप असा, की ससून रुग्णालयात मुलाच्या रक्ताचा नमुना फेकून दिला गेला आणि त्या जागी त्याच्या आईचं रक्त ठेवलं गेलं. १ जून २०२४ ला आईला अटक झाली. हा आरोप आहे आणि मी तो आरोप म्हणूनच लिहिते आहे. खरंखोटं न्यायालयात ठरायचं. पण हा आरोप ऐकल्यावर माझ्या अंगावर काटा आला तो एवढ्यासाठी, की त्यात मला अनोळखी असं काहीच वाटलं नाही. आई लेकरासाठी रक्ताचं पाणी करते, असं आपण म्हणतोच. पोराने केलं ते पोटात घालायचं, नवऱ्याने केलं ते पदराआड झाकायचं, घराण्याचं नाव सांभाळायचं, हे बाईला लहानपणापासून शिकवलं जातं. बंगल्यातल्या बाईची या शिकवणीतून सुटका झाली आहे, असं आपल्याला उगीचच वाटतं. गाडी घेताना तिला कुणी विचारलं होतं की नाही, मला माहीत नाही. पण निस्तरायची वेळ आली तेव्हा बाहीवर सारून पुढे झालेला हात बाईचा होता, असं आरोप म्हणतो. तिची बाजू मी घेत नाही. दोन आयांची लेकरं रस्त्यावर पडलेली असताना आपल्या लेकराचा पुरावा पुसणं हे आईपण नव्हे. मात्र पुरुषांच्या हौसेची किंमत शेवटी बाईच्या शरीरातून वसूल होते, ही जुनीच गोष्ट इथे अगदी शब्दशः समोर उभी राहते.

याच प्रकरणात आणखी एक बाई आहे, जिच्याविषयी फार थोडं लिहिलं गेलं. घरच्या ड्रायव्हरने गुन्हा स्वतःच्या अंगावर घ्यावा म्हणून त्याला बंगल्यात डांबून ठेवलं, असाही आरोप आहे. त्याला तिथून सोडवलं ते त्याच्या बायकोने, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. बंगल्याच्या दारात जाऊन नवऱ्याला सोडवून आणणारी ड्रायव्हरची बायको! मे महिन्यातल्या त्या दिवसांत चर्चा करायला बसलेल्या पंडितांपैकी एकालाही ती दिसली नाही.

आता रस्ता वापरतं कोण, तेही पाहू. २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचं साधन विचारलं होतं. शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीच्या कामांवर जाणाऱ्यांमध्ये सुमारे ४५ टक्के स्त्रिया पायी जात होत्या. पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे २७ टक्के. आणि हे फक्त कामावर जाण्याचं. शाळेत पोर सोडणं, दवाखाना, बाजार, सासूचं औषध, या फेऱ्यांना कुणी प्रवास म्हणतच नाही. दुसरा आकडा रस्त्यावरच्या मृत्यूंचा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतले ३२,८२५ पादचारी होते. दिवसाला नव्वद. त्या सगळ्यांना स्पोर्ट्स कारने मारलं असं मी म्हणत नाही. ट्रक आहेत, डंपर आहेत, साध्या मोटारी आहेत. पण वेग हेच मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण, असं तोच अहवाल सांगतो. मग वेग हीच मर्दुमकी, वेग हाच दर्जा असं ज्या वस्तूच्या रूपाने समाजाच्या डोक्यात भरलं जातं, तिच्याकडे बोट दाखवायला नको? बसकी गाडी शंभरांत एकाकडे असते, पण तिच्याकडे बघून बुलेटचा सायलेन्सर काढणारी पोरं गल्लीगल्लीत असतात.

गाडी म्हणजे इभ्रत, हे समीकरण कुठपर्यंत जातं तेही आपण पाहिलं आहे. मे २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या एका तरुण सुनेचा मृत्यू झाला, तेव्हा तिच्या लग्नात माहेरून सोन्याबरोबर फॉर्च्युनर गेली होती, हे उघड झालं. हुंड्यातली सायकल आणि घड्याळ जाऊन आता हे आलं आहे.

आणि या सगळ्यात सरकार कुठे उभं आहे? २०२५ सालचे तीन-चार महिने घ्या. १० मार्चला राज्याच्या अर्थसंकल्पात प्रस्ताव आला, की विजेवरच्या ज्या मोटारींची किंमत ३० लाखांच्या वर आहे त्यांच्यावर ६ टक्के कर लावावा. ३० लाखांच्या वर! म्हणजे तुमच्या-माझ्यापैकी कुणाच्या सातपिढ्यांत नसलेली गाडी. २६ मार्चला, अवघ्या सोळा दिवसांत, मुख्यमंत्र्यांनी तो प्रस्ताव मागे घेतल्याचं सभागृहात सांगितलं. पर्यावरणाचं कारण पुढे केलं गेलं. दीड कोटीच्या गाडीवर हा कर नऊ लाख झाला असता. त्याच वर्षी ९ मे पासून मुंबईत बेस्टचं साधं कमीत कमी तिकीट पाचाचं दहा झालं. १ जूनपासून पुण्यात पीएमपीचंही पाचाचं दहा. जानेवारीत एसटीचे दर जवळपास १५ टक्क्यांनी वाढलेच होते. हे निर्णय वेगवेगळ्या दालनांत झाले, त्यांची कारणं वेगळी, हे मला कळतं. पण त्यांचा हिशोब एकाच बाईच्या पाकिटात जुळतो. जवळच्या टप्प्यासाठी जाता-येता पाच-पाच रुपये जास्त, महिन्याचे २६ दिवस: २६० रुपये. एका घरच्या झाडू-फरशीच्या पगारातून हे २६० काढून दाखवा. आमच्या गटातल्या कितीतरी जणींनी त्या जूनपासून बस सोडली आणि त्या चालू लागल्या. विजेवरची गाडी धूर सोडत नाही म्हणून तिला माफी. मग दोन पायांवर चालणाऱ्या बाईइतकं स्वच्छ वाहन दुसरं कोणतं आहे? मार्च २०२३ मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा चौकाचौकांत 'रेवड्या वाटतात' म्हणून टवाळी चालली होती. नऊ लाखांच्या माफीला रेवडी म्हणताना मी अजून कुणाला ऐकलं नाही.

एक प्रश्न मला हमखास विचारला जाईल. बाईने स्पोर्ट्स कार घेतली तर? स्वतःच्या कमाईने घेतली, रोज चालवली, तर तुमचा स्त्रीवाद टाळ्या वाजवणार का? प्रश्न सोपा नाही, कारण चाक हातात येणं म्हणजे काय ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. सौदी अरेबियाची गोष्ट त्यासाठीच सांगते. नोव्हेंबर १९९० मध्ये रियाध शहरात ४७ स्त्रिया साध्या घरच्या मोटारी चालवत रस्त्यावर उतरल्या, कारण तिथे स्त्रियांना मोटार चालवायला बंदी होती. त्यांना पकडलं, त्यांचे पासपोर्ट काढून घेतले, कित्येकींच्या नोकऱ्या गेल्या. २०११ साली मनाल अल-शरीफने गाडी चालवतानाचं चित्रण जगाला दाखवलं आणि तुरुंगात गेली. २४ जून २०१८ ला बंदी उठली. त्या दिवशी जग्वार कंपनीने काय केलं? एका सौदी स्त्रीला आपल्या स्पोर्ट्स कारमध्ये बसवून ट्रॅकवर चालवायला लावलं आणि ते चित्रण जगभर फिरवलं. आणि याच हक्कासाठी लढलेली लुजैन अल-हथलूल महिन्यापूर्वीच, मे मध्ये, अटकेत गेली होती. ती बाहेर आली फेब्रुवारी २०२१ मध्ये. लढणारी कोठडीत आणि जाहिरात शोरूममध्ये. बाजार आपल्या चळवळीकडून नेमकं काय उचलतो आणि काय टाकून देतो, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

उलट आपल्याकडची गोष्ट घ्या. १९९१-९२ साली तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेने अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. शेतमजूर बायका, खाणीत दगड फोडणाऱ्या बायका, अंगणवाडीच्या सेविका हजारोंनी सायकलवर बसल्या. पोर पुढे, घागर मागे. पुण्यातल्या बायकांना लूनाने हेच दिलं. १९७२ साली आलेली ती चिमुकली गाडी. तिने नर्सबाईंना, शिक्षिकांना, विमा एजंट बायकांना नवऱ्याच्या सोयीची वाट बघण्यातून सोडवलं. माझी पहिली गाडी लूनाच. चढावर पायडल मारावं लागायचं, आणि तरीही असं वाटायचं की सगळं शहर आपलं आहे. फरक एवढाच की माझ्या लूनाला कुणी घाबरून पळालं नाही. (एकदा एक कोंबडी पळाली होती, पण ती कशालाही पळते.) जे वाहन एका बाईला मोकळं करतं आणि दुसरीला रस्त्यावरून हटवत नाही, त्याच्यासाठी मी टाळ्या वाजवीन. स्पोर्ट्स कारमध्ये बाई बसली म्हणून फुटपाथवरच्या बाईचं पळणं थांबत नाही. तिच्या आतलं माणूस बदललं, एवढंच.

मागण्या काय करायच्या, यावर आमच्यात बरंच बोलणं झालं. ट्रक-बसला वेगमर्यादक यंत्र बसवायची सक्ती आहे, ताशी ८० च्या वर जाऊ नये म्हणून. ज्याचं पोट त्या वाहनावर आहे त्याच्या पायाखाली सरकारने यंत्र बसवलं, आणि ज्याची निव्वळ हौस आहे त्याला २६० पर्यंत मोकळीक! युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत, वेगाची मर्यादा ओलांडली की चालकाला सावध करणारी यंत्रणा सक्तीची आहे. आपल्याकडे निदान या बड्या गाड्यांना शहराच्या हद्दीत वेगमर्यादक सक्तीचा करा. मागे घेतलेला ६ टक्के कर पुन्हा लावा आणि तो पैसा बसला द्या. नोंदणी पुरी झाल्याशिवाय गाडी शोरूमबाहेर पडता कामा नये. आणि फुटपाथ. अडथळा नसलेला फुटपाथ हा पादचाऱ्याचा हक्क आहे, तो घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कातच येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ ला सांगितलं आहे. त्या आदेशाची प्रत घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.

तूर्त आम्ही एक छोटं काम हाती घेतलं आहे. सकाळी सात ते नऊ, कामावर जाण्याच्या वेळेला, आमच्यातल्या दोघी-तिघी चौकात मोबाइलचं घड्याळ लावून उभ्या राहतात. पायी चालणाऱ्यांचा सिग्नल किती सेकंद राहतो, आणि ओझं घेतलेल्या, गरोदर, म्हाताऱ्या बाईला रस्ता ओलांडायला किती लागतात, हे वहीत लिहितात. पहिल्या दिवशी मावशीलाच चालायला लावलं, न पळता. दुभाजकापर्यंत पोचली तोवर सिग्नल संपला होता. वही भरली की ती वाहतूक शाखेत नेऊन देणार आहोत. तुमच्या गावातल्या, शहरातल्या चौकात असंच मोजून आम्हांला कळवा. चौकाचं नाव, वेळ आणि सेकंद, एवढं पुरे.

बोनसचा विषय त्या दिवशी राहूनच गेला. पुढच्या बैठकीत तो पहिला घ्यायचा असं ठरलं आहे.